चार हिरांचं कोडं

केरसुणीचे चार हीर घ्या. चारही अगदी सारख्या लांबीचे कापा आणि टोकं एकमेकांना दोऱ्याने सैलसर बांधा. झाला चौकोन. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा बरं! काय झालं? चौकोन चपटा झाला आणि मधली जागा मिटत मिटत नुसती फट उरली. आता कोपरे सोडा. समोरासमोरच्या दोन बाजू धरा आणि सरळ ओढा. या वेळी चौकोन तस्साच राहिला, हो ना?

या साध्या गमतीवर समुद्रातल्या माशांच्या लाखो पिल्लांचा जीव अवलंबून आहे. कसा, ते सांगते.

ट्रॉलर नावाची बोट आपल्यामागे भलंमोठं, नरसाळ्यासारखं जाळं ओढत नेते. वेग फार नसतो, आपण भरभर चालतो तितकाच. मासे जाळ्याच्या तोंडापुढे पोहत राहतात, थकतात आणि मागे मागे सरकत शेपटीकडच्या पिशवीत जमतात. या पिशवीला आपल्याकडचे कोळी ‘खोला’ म्हणतात आणि जाळ्याच्या एकेका भोकाला म्हणतात ‘आस’. नेहमीच्या जाळ्यात आस शंकरपाळीच्या आकाराची असते. बोट ओढू लागली, खोल्यात मासे भरले, की ताण येतो नेमका कोपऱ्यांवर. मग तुमच्या हिरांसारखी प्रत्येक आस मिटते. मोठा मासा अडकतोच, पण बोटाएवढं पिल्लूही अडकतं. भोक आहे, पण बाहेर पडायला वाट नाही!

मग आस चौकोनीच ठेवली तर? तेव्हा ताण बाजूंवरून सरळ जातो आणि भोक उघडंच राहतं. कोचीला 1957 साली सुरू झालेली केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ अशाच जाळ्यांवर काम करतात. आपल्या सिंधुदुर्गातही ट्रॉलरवर 40 मिलिमीटरच्या चौकोनी आसाचे खोले वापरून पाहिले गेले.

पण थांबा, किती पिल्लं सुटली हे कळणार कसं? ती तर केव्हाच समुद्रात पसार झालेली! मला सगळ्यात आवडते ती यावरची युक्ती. खोल्याच्या बाहेरून आणखी एक पिशवी चढवायची, अगदी बारीक आसाची. आतून निसटलेलं पिल्लू बाहेरच्या पिशवीत सापडतं. मग दोन्ही पिशव्या बोटीवर रिकाम्या करायच्या आणि पट्टी घेऊन एकेक मासा मोजायचा. कोणत्या लांबीचे निम्मे मासे सुटले आणि निम्मे अडकले, ते यातून समजतं. हलत्या बोटीवर, ओल्या हातांनी, शेकडो मासे मोजायचे. संशोधन म्हणजे फक्त प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या नव्हेत!

आणि चौकोनी आसाचं जाळं बनवणं हेही कसबाचंच काम. नेहमीचं जाळं 45 अंशांत फिरवून, दोऱ्याच्या रेषेत नीट कापावं लागतं. रेषा चुकली की आस पुन्हा तिरकी. असं दर्यावरचं काम शिकवायला खरोखरीच्या शाळा आहेत. वर्सोवा, अलिबाग, रत्नागिरी इथल्या शासकीय प्रशिक्षण केंद्रांत मच्छीमारांची तरुण मुलं 6 महिन्यांत मासेमारी, नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल शिकतात. कोचीतच असलेल्या आणखी एका राष्ट्रीय प्रशिक्षण संस्थेत तर स्वतःची प्रशिक्षण जहाजं आहेत, आणि त्यातल्या एकाचं नाव आहे ‘प्रशिक्षणी’. किती छान नाव!

तर मग सगळीकडे चौकोनी आस लावली की काम फत्ते? नाही ना! बांगडा, तारली अंगाने गोलसर असतात, त्यांना चौकोनी खिडकी बरी. पापलेट मात्र उंच आणि चपटं. त्याला शंकरपाळीसारखी उभट फटच जास्त सोयीची! म्हणून एकच जाळं सगळ्यांना चालत नाही आणि शास्त्रज्ञांना एकेका माशाचा वेगळा अभ्यास करावा लागतो.

पापलेट 2023 साली महाराष्ट्राचा राज्यमासा झालं. त्याच वर्षी राज्याने 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे. हा आकडा कुणी मनाने ठरवलेला नाही. मासा पहिल्यांदा अंडी घालण्याजोगा किती लांबीला होतो, ते शेकडो मासे तपासून शोधतात. एकदा तरी अंडी घालू द्यायची आणि मगच पकडायचं, असा हा हिशेब.

लांबी तर पट्टीने कळते, पण माशाचं वय? ते त्याच्या कानात लिहिलेलं असतं! बाहेर कान दिसत नाहीत, पण डोक्याच्या आत पांढरे, कडक, इवलेसे दगड असतात. तोल सांभाळायला आणि ऐकायला ते मदत करतात. मासा वाढतो तसे दगडावर थरावर थर चढतात. दगडाचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की वलयं दिसतात. अगदी लहान पिल्लांत तर दिवसाला एक वलय!

घोळ आणि ढोमा यांचे हे दगड चांगले मोठे असतात. तुमच्या घरी मासे खात असतील आणि ढोमा आला, तर त्याचं शिजलेलं डोकं टाकून देऊ नका. मोठ्या माणसांच्या मदतीने कवटी हळूच उकला. दोन बाजूंना दोन मोठे दगड मिळतील. धुऊन, वाळवून भिंगाखाली धरा आणि दोन्ही सारखे आहेत का ते बघा.