तुळिंजच्या उगवतीचा डोंगर

नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेस पसरलेल्या तुळिंजच्या दाट वस्तीतून उगवतीकडे दिसणारी तुंगारेश्वराची डोंगररांग उंचीने मध्यम, सुमारे 660 मीटरची असली, तरी वसईच्या सखल किनारपट्टीवर तिच्याइतका ठसठशीत डोंगर दुसरा नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून वाहिलेला लाव्हा थरावर थर साचून जो काळा बेसाल्ट खडक बनला, त्यातूनच ही रांग घडली आहे. तिच्यावरील अरण्य पानझडी, म्हणजे उन्हाळ्यात पाने गाळून पावसाबरोबर पुन्हा हिरवे होणारे असून साग, ऐन, खैर, मोह आणि बांबू ही त्यातील मुख्य झाडी आहे. सुमारे 85 चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र 2003 साली अभयारण्य, म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेले वन, म्हणून घोषित झाले. दक्षिणेला वसईच्या खाडीपलीकडील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि ईशान्येचे तानसा अभयारण्य यांच्यामधला हा दुवा असल्याने बिबट्यासारख्या दूरवर फिरणाऱ्या प्राण्यांसाठी त्याचे मोल क्षेत्रफळाच्या मानाने कितीतरी अधिक आहे.

डोंगरातील तुंगारेश्वराच्या शिवमंदिराची कथा परशुरामाशी जोडलेली असून वरचे परशुरामकुंडही त्याच्याच नावाने ओळखले जाते. महाशिवरात्रीला आणि श्रावणात येथे भाविकांची रीघ लागते; मात्र या परिसराचा सर्वांत विलक्षण वारसा डोंगरात नसून स्थानकाच्या पश्चिमेला, प्राचीन शूर्पारक बंदराच्या जागी, जुन्या सोपाऱ्यात आहे. तेथील स्तूपाला, म्हणजे बौद्ध पवित्र अवशेषांवर उभारलेल्या घुमटाकार वास्तूला, लोक पूर्वापार ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत आले आहेत. बुरूड म्हणजे बांबूच्या सुपे-टोपल्या विणणारा कारागीर. समोरच्या डोंगरात बांबू वाढत असताना लोकमानसाने अशा कारागिरालाच राजा करावे, यात श्रमाविषयीचा मोठा आदर दिसतो. 1882 साली पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा कोट उकरला, तेव्हा आतील दगडी पेटीत आठ लहान बुद्धमूर्तींनी वेढलेला तांब्याचा करंडक मिळाला, आणि त्यात एकात एक चांदी, दगड, स्फटिक व सोने यांचे करंडक, सोन्याची फुले आणि मातीच्या पात्राचे तुकडे निघाले. त्याच वर्षी येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. एवढी कीर्ती लाभलेल्या या स्तूपाकडे तुळिंजच्या बाजूने येणाऱ्या वाटसरूला नीट वाट दाखवणारे फलक असावेत, ही अपेक्षा मोठी नाही.

डोंगर आणि शहर यांचे खरे नाते पाण्याचे आहे. पायथ्याशी असलेल्या पेल्हार धरणाचे पाणी वसई-विरारच्या नळांना येते, आणि पावसाळ्यात उतारांवरचे ओढे महामार्गाखालून पश्चिमेकडे धावतात. पूर्वी हे पाणी भातखाचरांत आणि खाजणांत, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या खारट सखल जमिनीत, पसरून सावकाश खाडीला मिळे. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 12 लाखांवर गेलेल्या वसई-विरार शहराने त्या जमिनींवर भराव घालून इमारती उभ्या केल्या, आणि आता मुसळधार पावसात तेच पाणी तुळिंजच्या रस्त्यांवर तुंबते. डोंगराच्या पायथ्याचे कटाई-उत्खनन थांबवणे आणि उरलेले नाले मोकळे राखणे ही म्हणूनच केवळ वनखात्याची कामे नाहीत, तर तळमजल्यावर राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा तो प्रश्न आहे.