कानाला दडे बसले? फॅमिली डॉक्टरांचे प्रशिक्षण इथे का महत्त्वाचे, समजून घ्या

माजिवडा : घोडबंदर रोड आणि पूर्व द्रुतगती महामार्ग जिथे मिळतात, त्या माजिवडा परिसरात कान दुखला किंवा घसा बसला की पहिली पायरी असते ती फॅमिली डॉक्टरांची. आजार साधा की तातडीचा, हे तिथेच ठरते.

डॉक्टरांना प्रशिक्षण किती?
राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एमबीबीएसनंतरच्या इंटर्नशिपमध्ये कान-नाक-घसा विभागाला दोन आठवडे मिळतात. बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला. डॉक्टरांचे प्रशिक्षण हा त्याचा भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये प्राथमिक स्तरासाठी प्रशिक्षण पुस्तिका आणली. कानाच्या ६० टक्क्यांहून अधिक तक्रारी याच स्तरावर हाताळता येतात, असे संघटना सांगते.

फरक कुठे पडतो?
अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर 'सर्दीने दडे बसले' असे समजून दिवस निघून जातात. डॉक्टरांनी ओटोस्कोपने कान पाहिला आणि ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवला, तर दिशा कळते. आवाज बाधित कानात मोठा वाटला, तर मळ किंवा पाण्याचा अडथळा असू शकतो. चांगल्या कानात मोठा वाटला, तर नसेचा दोष संभवतो. अशा रुग्णाची श्रवण चाचणी तातडीने व्हायला हवी. स्टिरॉइडचा उपयोग मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत होतो. ती वेळ गेली, तर ऐकणे परत येण्याची शक्यता घटते.

तज्ज्ञांकडे लगेच कधी?
• ७२ तासांच्या आत ऐकू येणे अचानक कमी झाले
• मुलाच्या नाकात किंवा कानात बटण सेल गेला (काही तासांतच आतली त्वचा जळते)
• मधुमेही ज्येष्ठाचा कान असह्य दुखतो
• आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसला आहे, विशेषतः तंबाखू खाणाऱ्यांचा

महापालिकेच्या कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञ आहेत.

घरी काय करावे?
घोळणा फुटल्यास मान मागे टाकू नका. पुढे झुकून नाकाचा मऊ भाग सलग १० मिनिटे दाबा. रक्त थांबले नाही, तर रुग्णालय गाठा. वाहत्या कानात तेल घालू नका. कान तपासताना डॉक्टरांनी आत पाहिले नसेल, तर 'आतून बघता का?' असे विचारायला संकोच नको.