संगमावरील नौकांचा सोहळा

संगम म्हटला की प्रथम तीर्थक्षेत्र डोळ्यांपुढे येते. गंगापूर तालुक्यातील कायगाव येथे येणाऱ्या भाविकांना गोदावरी-प्रवरा संगमाची ओळख तशीच आहे. पुण्यातील मुळा-मुठा संगमाच्या परिसराला मात्र आणखी एक ओळख लाभली आहे, ती क्रीडांगणाची. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना १८५४ ची. २०२२ मध्ये त्याचे विद्यापीठात रूपांतर झाले. या संस्थेच्या विद्यार्थ्यांचा नौकानयनाचा वार्षिक सोहळा १९२८ मध्ये सुरू झाला. 'रेगाटा' या नावाने तो ओळखला जातो. हा शब्द मूळचा व्हेनिस नगरीच्या बोलीतील असून नौकांच्या शर्यती असा त्याचा अर्थ आहे.

शर्यतीची नौका लांब, अरुंद व वजनाने हलकी असते. नौकानयनपटू गतीच्या दिशेकडे पाठ करून बसतो. त्याचे आसन पुढेमागे सरकते. त्यामुळे वल्हे ओढताना हातांबरोबरच पायांचे बळही उपयोगी पडते. अनेक जण एका नौकेत असता सर्वांची वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडावी लागतात. एकाचा ताल चुकला तरी सर्वांची गती मंदावते. सहकार्याचा हा धडा वर्गात सहजासहजी मिळत नाही. पुण्याच्या सोहळ्यात नौकांच्या विविध रचना सादर होतात आणि अंधार पडल्यावर मशालींची कवायत प्रेक्षकांचे लक्ष वेधून घेते.

हा खेळ केवळ शहरवासीयांचा आहे, असे मात्र नव्हे. नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही येथील दत्तू भोकनळ एके काळी विहिरी खोदण्याचे काम करीत. सैन्यात दाखल झाल्यावर त्यांनी वल्हे हाती घेतले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून सुवर्णपदक मिळविले.

या खेळाचे मैदान म्हणजे नदीचे पाणी. आणि तेच आज धोक्यात आले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुण्यातील संगमाच्या खालच्या अंगास बंधारा बांधण्यात आला. बंधाऱ्यामुळे संथ झालेले पाणी वल्हवण्यास सोयीचे असते. परंतु त्याच संथ पाण्यात सांडपाण्यातील नत्र व स्फुरद मिळाले की जलपर्णी फोफावते. अनुकूल स्थितीत ती सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि मग नौका चालविणे दुष्कर होते. जलपर्णी काढून टाकणे हा तात्पुरता उपाय होय. सांडपाणी नदीत जाऊ न देणे हाच खरा उपाय.

हा प्रश्न एकट्या पुण्याचा नाही. जायकवाडीच्या नाथसागराचा फुगवटा कायगावपर्यंत पोहोचतो; तेथील पाणीही संथच आहे. शोषखड्डे व सांडपाण्याची योग्य व्यवस्था यांकडे काठावरील ग्रामपंचायतींनी आणि विद्यार्थ्यांना नदीची ओळख करून देण्याकडे शिक्षकांनी आताच लक्ष दिले, तर नदी स्वच्छ राहील. स्वच्छ नदीवर तीर्थही टिकते आणि खेळही रुजतो.