परदेशगमन आणि खात्याची बढती

काशीयात्रेस निघालेला मनुष्य रोकड कमरेला बांधून आडवाटेने जाण्याऐवजी आपल्या गावच्या पेढीवर रक्कम भरून हुंडी घेई, आणि त्या सोयीबद्दल पडणारी हुंडणावळ तक्रार न करता अदा करी. कारण तिचा आकडा त्याला आरंभीच ठाऊक असे. आज परदेशी निघालेल्या गृहस्थाच्या मोबाइलवर ‘वार्षिक शुल्क भरा आणि प्रीमियम खातेदार व्हा’ अशी डिजिटल खात्याची जी सूचना येते, तिच्यात विमानतळावरील लाउंज, विमा आणि सवलती ठळक अक्षरांत असतात, हुंडणावळ मात्र शोधावी लागते. वस्तुतः निर्णय त्या एका कलमावरच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कलमाचे आजचे नाव फॉरेक्स मार्कअप. परदेशी दुकानात आपले कार्ड चालले की व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने त्या रकमेचे रुपये होतात, आणि त्यावर बँक आपला आकार चढविते. पुष्कळ कार्डांवर हा आकार साडेतीन टक्के असतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला म्हणजे शंभर रुपयांमागे ४ रुपये १३ पैसे जातात. कार्डाने दोन लाखांचा खर्च झाला, तर हे ८,२६० रुपये होतात. समजा, बढतीचे शुल्क २,००० रुपये व त्यावरील कर ३६० रुपये आहे आणि त्या खात्यावर मार्कअप मुळीच नाही. तर सुमारे ५७ हजारांच्या पुढील खर्चावर ती बढती किफायतशीर ठरते. जुन्या कार्डाचा आकार दोनच टक्के असेल, तर हीच सीमा एक लाखावर जाते.

येथे हिशेबात एक चूक हमखास होते. प्रवासाचा सगळा खर्च धरला जातो. पण विमानाचे तिकीट आणि सहलकंपनीचे पैसे आपण बहुधा येथेच रुपयांत भरलेले असतात, आणि त्यांना मार्कअप लागत नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीस सहा महिने जाणाऱ्या आईचा स्वतःच्या कार्डावरील खर्च कितीसा असणार? तिने हे शुल्क भरू नये. शिवाय वार्षिक शुल्क न घेता मार्कअप माफ करणारी कार्डेही आपल्या देशात मिळतात. त्यांची चौकशी आधी करावी.

विम्याचे आमिष मोठे असते; परंतु शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, आणि कार्डाबरोबर येणारा विमा पुष्कळदा अपघात व हरवलेले सामान एवढ्यापुरताच असतो. तसे असेल तर वेगळी पॉलिसी घ्यावीच लागते, म्हणून त्या लाभाची किंमत शून्य धरावी. लाउंजचा प्रवेशही अनेक ठिकाणी मागील तिमाहीतील खर्चावर अवलंबून असतो.

ज्या ॲपवर आपण विश्वास टाकतो ते स्वतः बँक आहे की दुसऱ्या बँकेच्या वतीने चालते, हेही पाहावे; भारतात केवळ डिजिटल बँकेसाठी स्वतंत्र परवाना नाही, आणि ठेवीवरील पाच लाखांची विमाहमी मिळते ती पैसे ज्या बँकेत असतात तिच्या नावाने.

उत्तमातील उत्तम खातेसुद्धा एका ठिकाणी निरुपयोगी ठरते. पॅरिसच्या दुकानातील यंत्र ‘रुपये की युरो’ असे विचारते, तेव्हा ओळखीचे म्हणून रुपये निवडले, तर दर त्या दुकानाच्या बाजूचा लागतो आणि तो बहुतेक वेळा महाग पडतो. तेथे युरोच निवडावा.

ज्याचा कार्डावरील परदेशी खर्च वर्षानुवर्षे त्या सीमेच्या वर जातो, आणि ज्याला विनाशुल्क पर्याय मिळत नाही, त्याने बढती निःशंकपणे घ्यावी. इतरांनी घेऊ नये. कार्ड कोणतेही असो, घर सोडण्यापूर्वी त्यावरील परदेशी व्यवहार ॲपमधून सुरू करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड हाती येते तेव्हा ते बंदच असतात.