बारावीचं कॅल्क्युलस आणि न सुटणारा एम-वन

'बारावीत कॅल्क्युलस पक्कं केलं की इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष हसतखेळत निघतं.' नागपुरातल्या पालकांच्या गप्पांत हे हमखास ऐकू येतं, आणि ते निम्मं खरंही आहे. राज्य मंडळाच्या बारावी विज्ञानाच्या गणित भाग 2 मधल्या 8 प्रकरणांपैकी 6 कॅल्क्युलसची आहेत. इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन, रोल आणि लाग्रांजची प्रमेयं, सगळं त्यात येतं. पण तिथे चल एकच असतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणितात, म्हणजे एम-वन आणि एम-टूत, चल दोन-तीन होतात. पार्शल डेरिव्हेटिव्ह, दुहेरी इंटिग्रल, टेलर सिरीज येतात. एमएचटी-सीईटीत पर्यायांतून उत्तर ओळखून गुण मिळवलेल्या मुलाला इथे पायऱ्या लिहाव्या लागतात. एम-वनचा बॅक बऱ्याचदा लागतो तो याच जागी.

दुसरा समज थोडा भाबडा आहे: गणितात शंभरापैकी शंभर असले, तर कॉलेज तो विषय माफ करत असेल. तसं नाही. नागपूरच्या व्हीएनआयटीत जेईईचा रँक कितीही वरचा असो, पहिल्या वर्षाचं गणित सगळ्यांनाच. गुणांनी प्रवेश मिळतो, क्रेडिट नाही.

शालेय वयात शिकलेल्या गणितामुळे पदवीचं गणित खरोखर टाळण्याची वाट आपल्याकडे एकच आहे, आणि गंमत म्हणजे तिच्याकडे हुशार मुलांचे पालक नाक मुरडून बघतात. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला की थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षात डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन शिकवतात; पदवीचे एम-वन, एम-टू द्यावे लागत नाहीत. मात्र 'डिप्लोमावाले गणितातून सुटले' हा पुढचा गैरसमज. दुसऱ्या वर्षी एम-थ्री समोर उभाच असतो. लाप्लास ट्रान्सफॉर्म करताना बारावीच्या मुलांचा हात इंटिग्रेशनवर बसलेला असतो, डिप्लोमावाल्यांना तो पुन्हा बसवावा लागतो. शिकवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. प्रवेशाच्या वेळी सांगत मात्र कुणी नाही.

परदेशाची स्वप्नं पाहणाऱ्या घरांत सध्या 'एपी कॅल्क्युलस'ची चर्चा असते. अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाची ही परीक्षा मे महिन्यात होते, गुण 1 ते 5 असे मिळतात. तिचे दोन प्रकार आहेत, एबी आणि बीसी. अनंत श्रेणी फक्त बीसीत. कोर्स केलाच पाहिजे असं नाही, नुसती परीक्षाही देता येते. 5 गुण मिळाले म्हणजे क्रेडिट मिळालंच, हे मात्र चूक. ते प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. एमआयटी बीसीतल्या 5 गुणांवर आपला पहिला कॅल्क्युलस कोर्स माफ करते, तर कॅलटेक एपीला क्रेडिटच देत नाही. ज्या विद्यापीठात जायचं त्याचा नियम आधी वाचावा, फी नंतर भरावी. आणि मुलगा शेवटी नागपुरातच शिकणार असेल, तर एपीच्या गुणांनी इथला एम-वन सुटत नाही.

राहता राहिलं नवं शैक्षणिक धोरण. 'आता शाळेतच क्रेडिट मिळतात, ती बँकेत ठेवायची आणि कॉलेजात वापरायची,' असा अर्थ बरेच जण लावतात. 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात शालेय शिक्षणालाही क्रेडिट आहेत हे खरं: वर्षाला 1200 तास, त्याचे 40 क्रेडिट. पण प्रत्येक क्रेडिटला पातळी आहे. बारावी पातळी 4 वर संपते, पदवीचं पहिलं वर्ष 4.5 चं. खालच्या पातळीवर साठवलेल्या क्रेडिटनं वरच्या पातळीचा पेपर आपोआप माफ होत नाही. तेव्हा 'बारावीतच कॉलेज क्रेडिट' अशी जाहिरात कुणी केली, तर कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या विषयाचं, आणि ते लेखी कुठे आहे, एवढं विचारावं.