ती सावली कोणाची?

फ्रेंच चित्रकार पॉल गोगँने ताहिती बेटावरच्या मुली रंगवल्या आणि पॅरिसने त्या डोळे भरून पाहिल्या. त्या मुलींना काय वाटत होतं, हे विचारायच्या भानगडीत फारसं कोणी पडलं नाही.

१९३४ साली, पॅरिसमध्येच, २१ वर्षांच्या चित्रकार अमृता शेरगिलने त्याच थाटात स्वतःला रंगवलं : ‘ताहितीयन म्हणून आत्मचित्र’.

कमरेपर्यंत उघडं सावळं अंग, केस मागे बांधलेले, हात खाली एकमेकांवर ठेवलेले. पण लाडिकपणा औषधालाही नाही! चेहरा गंभीर, नजर बाजूला. बघणाऱ्याची तिला पर्वाच नाही. आणि तिच्या मागे एका पुरुषाची मोठी, काळपट सावली.

म्हणजे न्याहाळणाऱ्यालाच तिने चित्रात ओढलं, तेही बिनचेहऱ्याचं. हा खरा चावटपणा!

ती सावली कोणाची, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. गोगँ, एखादा प्रियकर की समोर उभे असलेले आपण? तुम्हाला कोण वाटतं?