तांब्याची तार जाते, काचेचा तंतू येतो

पुणे शहरात टेलिफोनसाठी घरोघरी तांब्याच्या तारा गेल्या होत्या. आता त्यांच्या जागी काचेचे तंतू येत आहेत. त्यांतून फोन चालतो आणि इंटरनेटही. 'काच तर फुटते! मग तांबं काढून काच कशाला?' असं कोणीही विचारील. म्हणून मी ही माहिती जमवली आहे.

तांब्याच्या तारेतून वीज वाहते. आपण बोललो की आवाजाची विजेची स्पंदने होतात व ती एक्स्चेंजकडे जातात. प्रत्येक फोनला दोन तारांची जोडी लागते. पण तार जितकी लांब, तितकी स्पंदने क्षीण होतात. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरलं की खरखर सुरू! तांब्याच्या हंड्यावर चढतो तसा हिरवट थर जोडांवर चढतो. शिवाय तांबे महाग, त्यामुळे चोर केबल कापून नेतात. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटर दूरच्या घरी इंटरनेट तर फारच मंद चालते.

काचेच्या तंतूतून वीज नाही, प्रकाश धावतो. एका सेकंदात सुमारे २ लाख किलोमीटर! हा तंतू एका मिलिमीटरच्या आठव्या भागाइतका बारीक असतो. आतल्या काचेभोवती थोड्या वेगळ्या काचेचा थर असतो. तिरपा आलेला प्रकाश त्या थरावरून पुन्हा आत वळतो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात.

घरी करून पाहा. प्लॅस्टिकच्या बाटलीला खाली भोक पाडून ती पाण्याने भरा. अंधारात भोकाच्या समोरच्या बाजूने बॅटरीचा झोत टाका. प्रकाश वाकलेल्या धारेतून खाली तळहातावर पडलेला दिसेल.

पुण्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. स्थानिक टेलिफोनसाठी भारतात काचेचा तंतू पहिल्यांदा वापरला तो पुण्यातच, १९७९ साली, शिवाजीनगर आणि कॅन्टोन्मेंट या एक्स्चेंजांच्या मध्ये. तरी घरापर्यंतची तार पुढे कित्येक वर्षे तांब्याचीच राहिली. का बरं? दोन एक्स्चेंजांमधला एक मार्ग शेकडो लोकांच्या बोलण्याला पुरतो. घरोघरी जायचं तर प्रत्येकाला वेगळी जोडणी हवी. हमरस्ता एकदाच होतो, पायवाटा मात्र हजार कराव्या लागतात. खेड्यांसाठी ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तिलाच आता भारतनेट म्हणतात.

पालकांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या फोनला लागणारी वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून, त्याच तारेने यायची. म्हणून घरातले दिवे गेले तरी फोन वाजायचा. काचेतून वीज येत नाही. घरातली पेटी आपल्याच विजेवर चालते. वीज गेली की फोनही बंद. घरी आजी-आजोबा एकटे राहत असतील तर जोडणी घेतानाच पेटीला बॅटरीची सोय करून घ्यावी. रात्री-अपरात्री डॉक्टरांना बोलवायचं झालं तर तीच उपयोगी पडेल.

आणि मुलांनो, रस्त्यात तुटलेला तंतू दिसला तर उचलू नका. काचेची कूस बोटात शिरते. त्याच्या टोकात डोळा लावून पाहू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. मोठ्या माणसांना सांगा.

– इयत्ता ७ वी